मंडळाची निवड : प्रतिष्ठा नव्हे, प्रयोजन



पाल्यासाठी राज्य मंडळाची शाळा निवडावी की केंद्रीय मंडळाची, हा प्रश्न आज अनेक घरांत प्रतिष्ठेचा झाला आहे. वस्तुतः तो प्रयोजनाचा आहे.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची १९६२ साली पुनर्रचना झाली. वारंवार बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांची सोय, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. १९६६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य मंडळाने मराठी, गुजराती, कन्नड, उर्दू अशा विविध माध्यमांतून परीक्षेची वाट खुली ठेवली. ज्या कुटुंबाची पेढी पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावी आहे, त्याने बदलीची सोय कशासाठी शोधावी?

पुढील वाटाही पाहाव्यात. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’साठी एन.सी.ई.आर.टी.ची पुस्तके आधारभूत मानली जातात. राज्याची अभियांत्रिकी सीईटी मात्र राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर, अनुक्रमे २० व ८० टक्के भाराने, बेतलेली असते. शिवाय दहावीनंतर मंडळ बदलता येते. म्हणजे बालवर्गातील निर्णय आयुष्याचा निर्णय ठरत नाही.

मराठीची चिंताही अनाठायी आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत ती अनिवार्य केली आहे.

मात्र शेजाऱ्याकडे पाहून आठवी-नववीत मुलाचे मंडळ बदलणे, हे त्याच्या आत्मविश्वासाशी खेळणे होय. हुशार मूलही नव्या भाषेत, नव्या पुस्तकांत एकाकी मुके होते. म्हणून शाळेचा फलक वाचण्यापूर्वी पालकांनी मुलाची वही वाचावी.