विजयांचे मोल

अशी कल्पना करावी की, विभागीय स्पर्धेसाठी एकच फुटबॉल संघ निवडावयाचा आहे. बैहरच्या शाळेने दहापैकी नऊ सामने जिंकले आहेत, तर बालाघाटच्या शाळेने सहा. श्रेष्ठ कोण? पण बैहरचे सामने आसपासच्या नवख्या संघांशी झाले आणि बालाघाटचे गोंदिया, नागपूर, जबलपूर येथील कसलेल्या संघांशी, असे कळले म्हणजे उत्तर तितके सोपे राहत नाही. वासरांत लंगडी गाय शहाणी, ही म्हण मैदानावरही खरी ठरते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल आपल्या फुटबॉलहून निराळा. पण हाच पेच तेथे दरवर्षी पडतो. वरच्या श्रेणीत १३० हून अधिक संघ आणि प्रत्येकाच्या वाट्याला हंगामात सुमारे १२ सामने. बहुतेकांची गाठच पडत नाही. म्हणून प्रतिस्पर्ध्यांनी किती सामने जिंकले आणि त्या प्रतिस्पर्ध्यांचे प्रतिस्पर्धी कसे होते, असा दुहेरी हिशेब मांडतात. २०२३ साली लिबर्टी विद्यापीठाने १३ पैकी १३ सामने जिंकले; परंतु ते दुबळ्या संघांशी झालेले असल्याने निवड समितीने त्यास २३ वे स्थान दिले. पुढे १ जानेवारी २०२४ रोजी ऑरेगनने त्याचा ४५-६ असा पराभव केला.

आपल्याकडील रणजी करंडकाचीही साक्ष काढता येईल. २०१८-१९ मध्ये नवख्या संघांच्या प्लेट गटात उत्तराखंड पहिला आला. पण उपांत्यपूर्व फेरीत नागपुरास विदर्भाने त्यास एक डाव ११५ धावांनी हरविले.

तथापि सोपे सामने वाट्याला आले म्हणजे संघ दुबळा, असे नव्हे. तो अद्याप कसोटीस लागलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. २०१०-११ मध्ये राजस्थान प्लेट गटातून वर आला, त्याने करंडक जिंकला आणि पुढील वर्षी तो राखलाही. शिवाय बलाढ्य संघ लहान गावी खेळावयास सहसा येत नाहीत. मग बलाढ्यांशी खेळला नाही, हा दोष त्या गावाच्या माथी मारणे न्यायाचे कसे?

विजयांची संख्या पाहावी, त्यांचे वजनही करावे. आणि तरीही संशय उरला, तर कागद बाजूला सारून बैहर व बालाघाट यांचा एक सामना खेळवावा. दूरच्या गावातील मुलांना एवढी संधी देणे, हे निवड करणाऱ्यांचे पहिले कर्तव्य होय.