लहान दुखापत आणि शिक्षकाची रजा



बालाघाटाच्या डोंगरात, मांजरसुंब्याजवळ वसलेले कपिलधार हे क्षेत्र मन्मथस्वामींच्या समाधीमुळे दूरवर प्रसिद्ध आहे. कार्तिकी पौर्णिमेस येथे गावोगावच्या दिंड्या पायी येतात. एवढी मोठी वाटचाल करताना कोणाच्या पायाला फोड येतो, कोणाच्या टाचेत काटा मोडतो. अशा वेळी तो वाटसरू झाडाखाली बसतो, काटा काढून घेतो, पाय धुऊन पट्टी बांधतो. त्यास कोणी आळशी म्हणत नाही. त्याचबरोबर दिंडीही तेथे खोळंबत नाही. त्याच्या खांद्यावरची पताका दुसरा कोणी उचलतो आणि चाल पुढे सुरू राहते. बसणाऱ्यास संकोच नाही आणि चालणाऱ्यांस तक्रार नाही. शाळेच्या कारभारात मात्र ही साधी गोष्ट अवघड होऊन बसते. म्हणून लहान दुखापत आणि तीसाठी घ्यावयाची रजा ह्या विषयाचा विचार शिक्षकवर्गाने शांतपणे केला पाहिजे.

एक उदाहरण कल्पावे. पावसाळ्यातील रविवारी एक शिक्षक ओल्या दगडावरून घसरले व त्यांचा घोटा मुरगळला. हाड मोडलेले नाही, रक्त आलेले नाही. सोमवारी सकाळी पाय सुजलेला आहे आणि वस्तीवरची शाळा कच्च्या रस्त्याने तीन किलोमीटर दूर आहे. त्यांच्या मनात दोन विचार येतात. पहिला असा, की एवढ्याशा कारणासाठी रजा मागितली तर लोक हसतील. तेव्हा लंगडत का होईना, जावे. दुसरा असा, की रजा तर हवीच. परंतु 'पाय मुरगळला' हे कारण क्षुल्लक दिसते, म्हणून अर्जात 'तीव्र ताप' असे लिहावे. पहिला विचार निष्ठेचा वाटतो आणि दुसरा व्यवहाराचा. वस्तुतः दोन्ही एकाच चुकीतून निघालेले आहेत. दुखापत दिसावयास लहान असली म्हणजे तीसाठी रजा मागणे लाजिरवाणे आहे, ही ती चूक होय.

ही लाज अनाठायी आहे, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. काम करताना इजा झालेल्या माणसास विश्रांती मिळावी आणि त्या काळात त्याची चूल विझू नये, ही मागणी महाराष्ट्रात प्रथम संघटितपणे मांडली ती मुंबईच्या गिरणी कामगारांनी. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या. त्यांतून सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी एक अर्ज तयार झाला व त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. आठवड्यातून रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेस मर्यादा, पगार वेळेवर मिळणे, ह्या मागण्यांबरोबर आणखी एक मागणी त्यात होती. कामावर गंभीर इजा झालेल्या कामगारास तो बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि जन्माचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची तरतूद व्हावी, ही ती मागणी होय. रविवारची सुटी १८९० साली, सहा वर्षांनी मिळाली. जखमी कामगाराच्या भरपाईचा कायदा होण्यास मात्र १९२३ साल उजाडावे लागले.

त्या १९२३ च्या कायद्यात शिकवण्यासारखी एक गोष्ट आहे. लहान दुखापत कोणती आणि मोठी कोणती, हे ठरविताना कायद्याने जखमेची लांबीरुंदी मोजली नाही. माणूस किती दिवस काम करण्यास असमर्थ राहतो, हे पाहिले. आरंभी ही मर्यादा दहा दिवसांची होती. त्याहून कमी काळाच्या असमर्थतेस भरपाई नव्हती. पुढे ती सात दिवसांवर आली आणि १९५९ साली तीन दिवसांवर आणली गेली. जखमा त्याच राहिल्या. परंतु चौथ्या दिवशीही कामावर जाऊ न शकणारा माणूस खरोखरच अडचणीत असतो, ही समज वाढत गेली.

शिक्षकाने हेच माप स्वतःस लावावे. जखम केवढी आहे असे न विचारता दोन प्रश्न विचारावेत. ज्या अवयवास इजा झाली आहे त्यास उद्या कोणते काम करावे लागणार आहे, हा पहिला प्रश्न. त्या कामाने इजा वाढेल काय, हा दुसरा प्रश्न. उजव्या हाताचे बोट कापले असेल तर फळ्यावर लिहिणे कठीण होईल. परंतु गोष्ट सांगणे, वाचून घेणे, तोंडी हिशेब घेणे अडणार नाही. अशा दुखापतीस रजेचे कारण नाही. घोटा मुरगळलेला असेल आणि शाळा दाराशी असेल, तर खुर्चीवर बसून व पाय दुसऱ्या आसनावर ठेवून शिकविता येईल. तीच शाळा तीन किलोमीटर चढावर असेल, तर दोन दिवसांची रजा हाच शहाणपणा होय. कारण दोन दिवसांच्या विश्रांतीने जे बरे झाले असते ते चालण्याने तीन आठवड्यांवर जाते. दुखापत एकच, परंतु शाळेपर्यंतच्या वाटेने निर्णय बदलतो.

दुखापत लहान दिसते म्हणून तिची उपेक्षा करणे धोक्याचेही असते. मुरगळलेल्या पायास पहिले दोन दिवस विश्रांती द्यावी, थंड पाण्याची घडी ठेवावी, पट्टी बांधावी आणि पाय उंच ठेवावा. त्या काळात तेल लावून चोळू नये. चोळण्याने सूज वाढते. चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबताच असह्य वेदना होत असेल, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. खिळा, काटा किंवा गंजका पत्रा लागून झालेली खोल जखम वरून ठिपक्याएवढी दिसते. परंतु माती व शेण यांत राहणारे धनुर्वाताचे जंतू अशाच जखमेतून शरीरात शिरतात. रोगाची लक्षणे बहुधा तीन ते एकवीस दिवसांनी दिसू लागतात, म्हणजे माणूस जखम विसरून गेल्यावर. ज्या १८९० साली गिरणी कामगारांस रविवार मिळाला, त्याच वर्षी बेरिंग व किटासाटो ह्या शास्त्रज्ञांनी धनुर्वातावरील प्रतिविषाचा शोध जाहीर केला. आज त्याची लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. तेव्हा अशी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी, तीवर माती, राख वा तंबाखू लावू नये, आणि लस शेवटची केव्हा घेतली हे डॉक्टरांस सांगून त्यांचा सल्ला घ्यावा. मधुमेह असलेल्या शिक्षकाने तर पायाची कोणतीही जखम लहान मानू नये.

आता नियमांचा विचार. एकदोन दिवसांच्या विश्रांतीस नैमित्तिक रजा पुरते. अधिक दिवस लागणार असतील तर महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांत वाट दाखविलेली आहे. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास वीस दिवसांची अर्धवेतनी रजा जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर तिचे रूपांतर पूर्ण वेतनाच्या परिवर्तित रजेत करता येते; मात्र दहा दिवसांची परिवर्तित रजा घेतली तर खात्यातून वीस दिवस वजा होतात. वैद्यकीय प्रमाणपत्रावर रजा घेतलेल्याने परत रुजू होताना काम करण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. कर्तव्य बजावताना अपघाताने झालेल्या इजेसाठी विशेष विकलांगता रजेचीही तरतूद नियमांत आहे. म्हणून शाळेत किंवा शाळेच्या कामात इजा झाली असेल, तर ती लहान वाटली तरी त्याच दिवशी मुख्याध्यापकांस लेखी कळवून ठेवावी. पुढे जखम चिघळली तर तोच कागद उपयोगी पडतो.

रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, असे नियमच सांगतात. शाळेच्या निकडीमुळे ती नाकारली जाऊ शकते. म्हणूनच अर्जात खरे कारण असणे महत्त्वाचे आहे. 'तीव्र ताप' असे लिहून घरी बसलेला शिक्षक लंगडत बाजारात दिसला, तर त्याचा पाय खरोखर दुखत होता ह्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. त्याहून वाईट गोष्ट अशी, की पुढच्या महिन्यात दुसऱ्या शिक्षकास खरोखरच ताप आला म्हणजे त्याच्या अर्जाकडेही संशयाने पाहिले जाते. एकाच्या खोट्या अर्जाची किंमत दुसऱ्याच्या खऱ्या आजारास द्यावी लागते. अर्ज मंजूर करणाऱ्यांनीही आपला भाग ओळखावा. खरे कारण लिहिणाऱ्याची थट्टा झाली, तर पुढील वेळी तो खोटे कारण लिहील. तेव्हा त्या खोट्याचा अर्धा दोष थट्टा करणाऱ्याकडेही जाईल.

ह्या सर्वांपलीकडे आणखी एक बाजू आहे आणि बीड जिल्ह्यातील शिक्षकास ती सर्वांत जवळची आहे. येथल्या कित्येक विद्यार्थ्यांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. पतिपत्नी मिळून एक कोयता धरला जातो आणि मजुरी तोडलेल्या उसाच्या टनावर ठरते. उचल आधीच घेतलेली असते. कामावर एक दिवस गैरहजर राहिले तर त्यास 'खाडा' म्हणतात आणि खाड्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. पायावर कोयता लागला तर चिंधी बांधून पुन्हा फडात उभे राहणे, हाच तेथला रिवाज. १८८४ च्या अर्जात साडेपाच हजार कामगारांनी जे मागितले, ते ह्या फडापर्यंत अजून पोचलेले नाही. ज्या मुलाच्या आईस जखमी हाताने मोळी बांधावी लागते, त्याच मुलाच्या शिक्षकास घोटा मुरगळल्यावर वेतनासह विश्रांती मिळते. ह्यात शिक्षकाने शरमून जावे असे काही नाही; परंतु ही सवलत किती मोलाची आहे, हे त्याने क्षणभरही विसरू नये.

शिवाय शिक्षकाच्या रजेची भरपाई कोणीतरी करीतच असते. शिक्षण हक्क कायदा, २००९ याने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षास किमान दोनशे दिवस आणि आठशे तास अध्यापन ठरविले आहे. लहान शाळेत दोनच शिक्षक असतात. त्यांतील एक घरी राहिला म्हणजे दुसऱ्यास सर्व वर्ग सांभाळावे लागतात, आणि पहिलीच्या मुलाचे अक्षर त्या दिवशी कोणी पाहत नाही. जो मुलगा आजीजवळ राहून शाळेत येतो, किंवा जो फडावरून परत येऊन मागे पडलेला अभ्यास भरून काढतो आहे, त्याच्या दोनशे दिवसांतील एक दिवस असा निघून जातो. म्हणून खऱ्या दुखापतीसाठी रजा घेणाऱ्यानेही आपली पताका दुसऱ्याच्या हाती नीट सोपवून बसावे. सकाळी शाळा भरण्यापूर्वी सहकाऱ्यास कळवावे. कोणत्या वर्गाचा कोणता पाठ चालू आहे, कोणत्या मुलाकडे विशेष लक्ष द्यावयाचे आहे, हे चार ओळींत लिहून पाठवावे. वरच्या वर्गातील मुलांस खालच्या वर्गाचे वाचन घेण्याची सवय आधीच लावून ठेवावी. एवढे केले तर रजेचा दिवस शाळेस रिकामा जात नाही.

शेवटी मुलांविषयी एक गोष्ट. गुरुजी किंवा बाई जखम लपवून, दात-ओठ खाऊन शिकवीत असतील, तर मुले त्यांच्या धैर्याबरोबर लपविण्याची रीतही शिकतात. मग अनवाणी आलेला एखादा मुलगा पायातील काटा कोणास दाखवीत नाही. याउलट, गुरुजींनी चौथ्या दिवशी शाळेत येऊन सरळ सांगितले, की पाय मुरगळला होता, विश्रांती घेतली, आता बरा आहे, तर त्या दोन वाक्यांत आरोग्याचा पाठ पुरा होतो. त्यात एक लहान भर घालता येईल. त्या दिवशी हजेरी घेतल्यानंतर शिक्षकाने वर्गात विचारावे, की कोणाच्या हातापायास काही लागले आहे काय. ज्याने स्वतःची दुखापत खरी सांगितली आहे, त्याच्या ह्या प्रश्नास मुले खरे उत्तर देतील.