मित्राचा शब्द मित्र ऐकतो

(वसतिगृहातील दहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



होळी जवळ आली आहे. भोंगऱ्या बाजार भरतील. काठीच्या राजवाडी होळीला सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून मोटारसायकली निघतील, एकेका गाडीवर तिघे-चौघे. गाडी बहुतेक वेळा मोठ्या भावाची, ऊसतोडीच्या पैशांतून हप्त्यावर घेतलेली. चालवणारा मात्र अकरावीतला. म्हणून हा विषय आजच काढला.

आधी कायदा समजून घ्या. १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत गिअरची मोटारसायकल चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला, तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते. त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

पण घाटात रात्री पोलीस नसतो. तिथे मागे बसलेला मित्र असतो. ‘अजून पळव’ म्हणणारा तोच आणि ‘हळू घे’ म्हणू शकणाराही तोच. आमचे सांगणे तुम्ही ऐकता आणि विसरता; मित्राने सांगितले की लागते. त्यामुळे ही मोहीम शिक्षकांची नाही, तुमची आहे.

पाचपाच जणांचे गट करा. आपल्या पाड्यावर, आपल्या पावरी-भिली बोलीत बोला. काय सांगाल? वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडू नका. इंजिनाचा आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. गाडीवर दोघेच, आणि हेल्मेट दोघांनाही. मोहाची घेतलेल्याच्या हातात किल्ली नाही, मग तो काका असो की भाऊ. काठीची होळी पहाटे पेटते. रात्रभर जागलेल्याने लगेच घाट उतरू नये, दोन तास झोपून निघावे.

अपघात दिसलाच तर १०८ ला फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, हेही गावात सांगा. कारण भीतीपोटी लोक जखमीजवळ जात नाहीत. आपल्या डोंगरात दवाखाना लांब आहे, तेव्हा सुरुवातीची काही मिनिटे जवळच्या माणसाच्याच हातात असतात.

एका पाड्यावरचा कमावता मुलगा गेला, की हप्ते राहतात, म्हातारे आईबाप राहतात आणि धाकट्या बहिणीची शाळा सुटते. मित्राकडून किल्ली मागून घेताना तो रागावेल. रागावू द्या. सकाळी तो तुमच्यासोबत घरी येईल, एवढे पुरे आहे.

होळीच्या शुभेच्छा. जोहार!