बापाचा जलसा



मला बापावर बोलायला सांगितलंय. बाप कंपनीत फिटर. पण ते पोटासाठी. खरा तो जलसेवाला. १९७२ च्या दुष्काळात नाशिककडनं पिंपरीला आला तो दोन कपडे आणि काखेत ढोलकी घेऊन. भाकरीची सोय नव्हती, ढोलकीची होती.

भीमराव कर्डकांनी १९३१ साली नाशकात जलसा उभा केला. साचा तमाशाचा, माल नवा. चावट गवळण गेली. पाणवठा आला, सावकार आला, शाळा आली. ज्याला अक्षर येत नव्हतं त्याला चळवळ अशी कळली. पुढं १९५५ ला मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणिसांचं 'युगयात्रा' बाबासाहेबांसमोर झालं. पुस्तकवाले दलित नाटक तिथनं मोजतात. मोजोत बापडे. माझ्या बापाचं नाटक त्याआधीचं होतं, रॉकेलच्या बत्तीतलं.

पिंपरीत तालीम सेकंड शिफ्ट सुटल्यावर, विहारात, रात्री बाराला. दाढ्या कॉटन वेस्टच्या. त्यांना मशीनच्या तेलाचा वास. सावकार बोलायला लागला की पुढच्या रांगेतली पोरं नाक धरायची. चौदा एप्रिलला रेल्वेलाइनच्या कडेला प्रयोग. गाडी आली की सगळी पात्रं जागच्या जागी थिजायची, गाडी गेली की पुढचं वाक्य.

नंतर बापानं सावकार काढला आणि लेबर ठेकेदार घातला. लोक पोट धरून हसले. पंधरा दिवसांत त्याची बदली भट्टीवर. कंपनीचं नाव घेत नाही, तुम्हाला पगार पाहिजेत. बाप म्हणाला, "प्रयोग पोचला म्हणायचा."

२०२४ च्या जानेवारीत शंभरावं नाट्यसंमेलन याच पिंपरी-चिंचवडमध्ये झालं. तेव्हा बाप नव्हता. असता तरी त्याला कोण बोलावणार? जयंतीच्या मंडळांकडं डीजेला पैसे आहेत, ढोलकीला नाहीत, हेही बोललं पाहिजे. आणि चाकणला एका खोलीत सहा-सहा पोरं ठेकेदारीत राबतात. दर आठवड्याला शिफ्ट फिरते. एक दिवसपाळीला, एक रातपाळीला. तालमीला चार माणसं एका वेळी जागी सापडत नाहीत. नाटक काय आपोआप मेलं?

कर्डकांनी म्हातारपणी जलशांचं पुस्तक लिहिलं. बापानं लिहिलं नाही. एक वही होती, ती पावसाळ्यात पत्र्याखाली भिजून लगदा झाली.

पण आईला सगळं पाठ आहे. तालमीत चुकलेलं वाक्य ती दारातनं दुरुस्त करायची. बाईचं काम मात्र मिशी काढलेला बाप्या करायचा. समतेवर तास-तासभर बोलणाऱ्या माझ्या बापानं तिला एकदाही स्टेजवर घेतलं नाही. आता रविवारी ती बोलते, मी लिहितो. मध्येच थांबून म्हणते, "हितं तुझ्या बापाचं चुकायचं." आणि स्वतःचं वाक्य घालते. मी तेच लिहितो. सावकाराचा वग पुरा झालाय. ठेकेदाराचा निम्मा राहिलाय.