अर्धं तिकीट आणि संध्याकाळची गाडी



सकाळपासून आपण मारहाण, पोटगी, सातबाऱ्यावरचं नाव यांवर बोललो. मी एसटीवर बोलणार आहे. विषय किरकोळ वाटेल. पण इथल्या निम्म्या जणी चारलाच उठणार, कारण नंतर गावाकडे गाडी नाही.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याचं मोल मी कमी लेखत नाही. दवाखाना, माहेर, कोर्टाची तारीख, प्रत्येक वेळी नवऱ्यापुढे पसरावा लागणारा हात थोडा आखडला. पण सवलत गाडीत चढल्यावर मिळते. मानोरा-मालेगावकडच्या आडगावांतल्या बाईला आधी फाट्यापर्यंत चालावं लागतं. तिथे येते काळी-पिवळी. तिच्यात भाडं पूर्ण, आणि कोंबून बसताना होणारा त्रास वेगळाच.

शाळकरी मुलींचं थोडं बरं आहे. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, मानव विकासच्या निळ्या गाड्या आहेत. खरी अडचण त्यापुढे. माझ्या ओळखीची एक मुलगी आयटीआयला जायची. वर्ग पाचला सुटायचा, शेवटची गाडी साडेचारची. रोज प्रात्यक्षिक बुडायचं. घरच्यांनी 'शिकू नको' असं कधीच म्हटलं नाही. 'अंधारात येशील कशी?' एवढंच विचारलं. त्या दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. अशा लग्नांची नोंद आपण 'शिक्षण सोडलं' अशी करतो. 'गाडी नव्हती' असं कुणी लिहीत नाही.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला. कर्मचाऱ्यांचं दुखणं खरं होतं, त्यांच्याशी आपलं भांडण नाही. पण मी काम करते त्या काही गावांतल्या बंद झालेल्या फेऱ्या पुन्हा आल्याच नाहीत. विचारायला गेलं की एक शब्द ऐकू येतो: भारमान. म्हणजे गाडीत माणसं किती बसली. जी बाई गाडी नाही म्हणून घरीच राहिली, ती या भारमानात कुठे मोजली जाते?

याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतली वावरं त्यात गेली. चढायला मोजक्याच जागा, दुचाकीला बंदी. आपल्या बाया कुंपणापलीकडून गाड्या बघतात! आणि वाशीम जिल्हा १९९८ साली वेगळा झाला, तरी एसटीचं विभागीय कार्यालय अकोल्यालाच.

म्हणून माझं म्हणणं असं की नुसतं निवेदन देऊन भागणार नाही. प्रत्येक बचत गटाने महिनाभर एक वही ठेवावी. कुणाला, कुठे, किती वाजता जायचं होतं आणि कशामुळे राहिलं, एवढंच लिहायचं. लिहिता येत नसेल तिचं मुलीने लिहावं. मग ती वही ग्रामसभेत वाचायची, मुक्कामी गाडीचा ठराव घ्यायचा आणि दोन्ही घेऊन आगार व्यवस्थापकांकडे दहा-बारा जणींनी मिळून जायचं. ठरावाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.