फ्लोराइडचा बल्ब आणि एकतीस डिसेंबर

जिल्हा, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांतून आलेल्या माझ्या वैद्यकीय अधिकारी बंधूभगिनींनो,

अध्यक्षांनी आरोग्यव्यवस्थेपुढील आव्हानांवर बोलावं, असा एक रिवाज आहे. तो मी आज मोडणार आहे. आपली परिषद भर डिसेंबरात भरली आहे. समोर बसलेल्यांपैकी काहींचे रजेचे अर्ज मंजूर झाले असतील, काहींचं नाव एकतीस तारखेच्या रात्रपाळीत लागलं असेल. मला बोलायचं आहे ते या दुसऱ्या लोकांशी.

त्या रात्री काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. साडेअकराला पहिली जीप येते. हवालदार मेडिकलची यादी, म्हणजे तपासणीची मागणी करणारं पत्र, टेबलावर ठेवतो. मागे दोन पोरं, एकाच्या डोक्यावर अजून ती चमकीची टोपी. 'डॉक्टर, दोनच पेग घेतलेत, तेही जेवणाबरोबर.' बाराच्या पुढे रांग लागते. त्याच वेळी एक प्रसूती अडलेली असते, एक विषप्राशनाचा रुग्ण असतो आणि फोन वाजतो : 'साहेबांचा भाचा आहे, जरा बघून घ्या.' या गर्दीत आपला पेन आपोआप एक वाक्य लिहून जातो. मद्य घेतले आहे, परंतु मद्याच्या अमलाखाली नाही.

हे वाक्य कोणी कोणाला शिकवलं, देव जाणे. पण राज्यभर एकाच अक्षरात लिहिल्यासारखं ते आढळतं. बिचारं निरुपद्रवी दिसतं. कोणावर अन्याय नको आणि कोणाशी वाकडंही नको, अशी त्याची भावना. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धचा कायदा जिथे गळतो ती जागा संसदेत नाही आणि नाक्यावरही नाही. ती आपल्या कॅज्युअल्टीच्या टेबलावर आहे.

कायदा बघा. मोटार वाहन अधिनियम १९८८चं कलम १८५. मूळ कायद्यात रक्तात मद्याचा अंशही चालत नव्हता. १९९४च्या दुरुस्तीने मर्यादा आली : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. या आकड्याच्या वर गेलात की गुन्हा झाला. चालक झोकांड्या देत होता का, नाकाला बोट नीट लावत होता का, बोबडं बोलत होता का, हे प्रश्न मद्याच्या बाबतीत तिथे उरतच नाहीत. ते आपल्याकडे दारूबंदी कायद्याच्या नमुन्यातून आले आणि ठाण मांडून बसले. तेव्हा ३० मिलिग्रॅमच्या गुन्ह्यात 'अमलाखाली नाही' असं लिहिणं म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं आहे. आरोपीचा वकील मात्र त्याच उत्तरावर उभा राहतो.

तीस म्हणजे किती, हेही आपण लोकांना सांगत नाही. सत्तर किलो वजनाचा पुरुष धरा. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के मद्यार्क असतो. साठ मिलिलिटरचा एक लार्ज म्हणजे सुमारे वीस ग्रॅम शुद्ध मद्यार्क. विडमार्कच्या सूत्राने रक्तातलं प्रमाण चाळीसच्या पुढे जातं. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची ६५० मिलिलिटरची एक बाटली रिकाम्या पोटी घेतली तर ऐंशीच्या वर. जेवणाने आकडा थोडा खाली राहतो, बाईच्या शरीरात तेवढ्याच दारूने तो वर जातो. पण 'दोनच पेग'वाल्याचा हिशेब चुकलेलाच असतो. तो खोटं बोलत नसेलही. दोनच घेतले असतील. तेवढे पुरतात.

आणि उतरायचं कसं? तासाला सरासरी पंधरा मिलिग्रॅम, या गतीने. ताक, लिंबू, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ यांनी माणूस जागा होतो, यकृताचा वेग वाढत नाही. रात्री एक वाजता ज्याच्या रक्तात दीडशे होतं, त्याच्या रक्तात सकाळी सातला साठ असतं. कायद्याच्या दुप्पट. तोवर नाकाबंदीचे बॅरिकेड रस्त्याकडेला गेलेले असतात, आणि हा गृहस्थ दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, मुलांना देवदर्शनाला घेऊन निघालेला असतो. आपल्याला कोणी विचारत नाही, पण विचारलं तर मी पोलिसांना सांगेन, की ब्रेथ अनालायझरचं मशीन एक जानेवारीच्या सकाळीही बाहेर ठेवा. गटारीच्या दुसऱ्या दिवशीही ठेवा आणि धुळवडीच्या भर दुपारीही. महाराष्ट्राचा सुट्टीचा हंगाम फक्त नाताळात येत नाही.

सरकारचंही एक कौतुक करायला हवं. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा आजही जिवंत आहे. प्यायला परवाना लागतो, बियर-वाइनला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षांची अट आहे. वर्षअखेरीला तेच सरकार परमिट रूमना पहाटे पाचपर्यंत मुभा देतं आणि बाहेरच्या चौकात नाकाबंदी लावतं. एक हात ओततो, दुसरा पकडतो. असो.

शिक्षेबद्दल तक्रार करायला आता फारशी जागा नाही. पूर्वी पहिल्या गुन्ह्याला दोन हजारांपर्यंत दंड होता. २०१९च्या दुरुस्तीने तो दहा हजार झाला, सोबत किंवा स्वतंत्रपणे सहा महिन्यांपर्यंत कैद. पुन्हा सापडला तर पंधरा हजार आणि दोन वर्षांपर्यंत. रस्ते सुरक्षेवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २०१५ मध्येच अशा चालकाचा परवाना किमान तीन महिने निलंबित करायला सांगितलं आहे. माणूस मेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. आणि मृत्यू होऊ शकतो याची जाणीव होती असं ठरलं तर कलम १०५, दहा वर्षांपर्यंत. त्याच २०१९च्या दुरुस्तीत आपल्या कामाचा आणखी एक बदल झाला. पूर्वी कलम १८५मध्ये केवळ ब्रेथ अनालायझरचा उल्लेख होता, त्यामुळे नुसत्या रक्ताच्या अहवालावर न्यायालयात काथ्याकूट चाले. आता प्रयोगशाळेची तपासणी स्पष्ट शब्दांत आली आहे.

पण कलमं पुराव्यावर उभी राहतात. याची तीन उदाहरणं देतो, तिन्ही महाराष्ट्रातली.

१२ नोव्हेंबर २००६ची पहाट, वांद्र्याचा कार्टर रोड. फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्यार्क निघाला ०.११२ टक्के, म्हणजे शंभर मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले होते. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली तीन वर्षं केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. दारू पिऊन वेगाने गाडी हाकणाऱ्याला परिणामांची जाणीव असते, हे त्या निकालाने पक्कं केलं. त्या जाणिवेच्या पुराव्यात रक्ताच्या अहवालाचा वाटा मोठा होता.

दुसरं उदाहरण त्याच वांद्र्यातलं, सप्टेंबर २००२चं. तिथेही फुटपाथवर झोपलेली माणसं, एक ठार. खटला तेरा वर्षं चालला. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडलं, आणि त्या निकालात रक्ताच्या नमुन्याचा पुरावा टिकला नाही. नमुना घेतल्यापासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कोणाच्या हातात होता, याची साखळी न्यायालयाला पटली नाही. त्या रात्री खरोखर काय घडलं, यावर मी बोलणार नाही. न्यायालय बोललं आहे. मी फक्त त्या साखळीबद्दल बोलतो, कारण तिची पहिली कडी आपण असतो.

तिसरं सांगताना जीभ जड होते. १९ मे २०२४, पुण्याचं कल्याणीनगर. आलिशान मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले, चालक अल्पवयीन. बाल न्याय मंडळाने घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर देशभर संताप झाला. आपली मान ज्याने खाली गेली ती गोष्ट नंतर आली : रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए जुळवून पाहिल्यावर तो प्रकार उघड झाला, असं पोलिसांचं म्हणणं आहे. दोषी कोण, ते न्यायालय ठरवेल. पण त्या दिवसापासून आपण कोणाच्याही दंडातून रक्त घेतो तेव्हा नातेवाईक आपल्या हाताकडे बघतात. बघू देत. बघितलंच पाहिजे.

आता कामाचं. मोटार वाहन अधिनियमाचं कलम २०२ सांगतं, की या गुन्ह्यात अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांत व्हायला हवी, नाहीतर त्याला सोडावं लागतं. आपण अर्धा तास 'थांबा जरा' म्हटलं की त्या दोन तासांतला पाव भाग गेला. रक्त घेताना त्वचा स्पिरिटच्या बोळ्याने पुसू नका. हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे आणि प्रत्येक नव्या इंटर्नचा हात तरीही स्पिरिटकडेच जातो. उलटतपासणीतला पहिला प्रश्न तोच असतो. साध्या बल्बमध्ये रक्त भरू नका. सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेटचा करड्या टोपणाचा बल्ब घ्या. फ्लोराइड नसेल तर जंतू त्या रक्तात मद्यार्क तयारही करतात आणि खातातही. मग कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून आलेला सीए (केमिकल अनालायझर) रिपोर्ट कोणाच्याच कामाचा उरत नाही. बल्बवर नाव, तारीख आणि वेळ. वेळ म्हणजे 'रात्री' नव्हे, घड्याळातले तास-मिनिटं. सील तुमच्यासमोर लागलं पाहिजे, आणि बल्ब नेणाऱ्या शिपायाची सही नोंदवहीत हवी.

आरोपीने नकार दिला तर भांडू नका. नकार लिहून ठेवा. कलम २०५ त्याचं बघून घेईल. संशयित बाई असेल तर महिला डॉक्टर किंवा महिला सहकारी हजर ठेवा.

आणखी एक माणूस आपल्या नजरेतून सुटतो : स्वतः जखमी होऊन आलेला चालक. त्याला आपण रुग्ण म्हणून बघतो, ते बरोबरच आहे. प्राण आधी. उपचाराला बाध येत असेल तर आधी थांबा असं पोलिसांना सांगण्याचा अधिकार कायद्याने आपल्याला दिला आहे. पण शिरेत सलाइनची सुई घालतानाच पोलिसांची यादी हातात असेल तर एक बल्ब भरायला किती वेळ लागतो? २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी तक्त्यात त्यातले मद्यपी चालकांमुळे गेलेले तीन टक्क्यांहूनही कमी आहेत. रात्रपाळी केलेल्या कोणालाही या आकड्यावर विश्वास बसणार नाही. ज्यांचं रक्त तपासलंच नाही, ते तक्त्यात 'अतिवेग' या रकान्यात जातात.

आणि रक्त घेता आलं नाही तरी तुमची एक ओळ वाया जात नाही. दिल्लीत डिसेंबर २००७ मध्ये इंडिया गेटजवळ एक पोर्शे आदळून जळाली. विमा कंपनीने नुकसानभरपाई नाकारली. ग्राहक आयोग म्हणाला, नुसता वास आला म्हणून नशा सिद्ध होत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. रक्त किंवा श्वासाची तपासणी झालेली नसली तरी इतर परिस्थितीवरून निष्कर्ष काढता येतो, असं न्यायालय म्हणालं. आणि त्या परिस्थितीत एमएलसीवर, म्हणजे मेडिको-लीगल कागदावर, डॉक्टरने नोंदवलेली दारूच्या वासाची नोंद होती. कोण्या रात्रपाळीच्या डॉक्टरने त्या निकालाच्या तेरा वर्षांहून अधिक आधी चार शब्द लिहिले होते. त्याला बहुधा ते आठवतही नसतील.

भाषण लांबलं. ठरावांच्या सत्रात संरक्षण, मनुष्यबळ, साक्षीभत्ता हे सगळे विषय येणार आहेत आणि ते रास्त आहेत. माझी विनंती त्याआधीची आहे. सोमवारी कामावर गेल्यावर कॅज्युअल्टीचं कपाट उघडा आणि फ्लोराइडचे बल्ब किती आहेत, मुदतीत आहेत का, ते स्वतः मोजा. कमी असतील तर त्याच दिवशी मागणी पाठवा, म्हणजे एकतीस तारखेच्या आत माल हातात येईल.