आधी ऊब, मग दूध

खारीचं पहिलं पिल्लू माझ्याच हातून गेलं. वळवाच्या वाऱ्यात घरटं पडलं. बोटाएवढा उघडा जीव, डोळे मिटलेले. अम्मीनं गाईचं दूध आणलं, मी उताणं धरून बोळ्यानं पाजलं. दूध नाकातून आलं. सकाळी पिल्लू थंडगार.

दुसऱ्या वेळी पशुवैद्यांना विचारलं. गाईच्या दुधानं जुलाब होतात, उताणं पाजलं तर दूध फुप्फुसात जातं, आणि गार पिल्लाला काहीच पचत नाही. म्हणून कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवली, खोकं झाडाला बांधलं. आई पिल्लाला तोंडात धरून परत नेते. अंधार पडेपर्यंत ती आली नाही.

मग आधी कोमट ओआरएस, नंतर कुत्र्याच्या पिलांची दूध-पावडर. बिनसुईची १ मिलीची सिरिंज, पिल्लू पालथं, थेंब थेंब. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजून झालं की ओल्या कोमट कापसानं पोटाखाली हलकेच पुसायचं, त्याशिवाय इतकं लहान पिल्लू लघवी करत नाही. आम्हा कवींच्या आईवरच्या कवितांत हे काम कुठं येत नाही!

वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन आधीच करायला हवा होता. मी सकाळी केला. माणसं न्यायला आली, तेव्हा अम्मी पदरानं त्याच्या मिशीवरचं दूध पुसत होती.